खाका, तऱ्हा आणि अंमल : रूपकात्म रेखाटनाच्या स्वायत्ततेचा प्रश्न

मराठीत रोज वापरले जाणारे तीन शब्द चित्रशाळेतून आले आहेत, किंवा निदान चित्रशाळेच्या दारावरून आले आहेत, याची आपल्याला सहसा आठवण राहत नाही. 'खाका' हा शब्द आपण आराखडा या अर्थाने वापरतो. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ. मूळ चित्राच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडायची, त्यावरून कोळशाची पूड हलकेच झटकायची आणि खालच्या कागदावर ठिपक्यांची जी आकृती उतरेल ती जोडून घ्यायची, या क्रियेतून निघालेला तो खाका. 'तऱ्हा' म्हणजे आपल्याकडे रीत, प्रकार किंवा विक्षिप्तपणा. मूळ अरबी 'तर्ह' मात्र रचनेचा, मांडणीचा वाचक आहे. आणि 'अंमल' म्हणजे आपल्याकडे सत्ता किंवा कार्यवाही, मुळात केवळ काम. अकबराच्या चित्रशाळेत सिद्ध झालेल्या 'अकबरनाम्या'च्या, सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेल्या प्रतीत (सुमारे 1590–95) चित्रांच्या तळाशी ज्या नोंदी आढळतात त्यांत यांपैकी दोन शब्द शेजारी शेजारी येतात. हवाई नावाच्या मस्त हत्तीवर स्वार झालेला तरुण अकबर रणबाघ या दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करीत होड्यांच्या पुलावरून जातो, त्या विख्यात चित्राची तर्ह बसावनची आणि अमल चतरचा. म्हणजे रेखाटनातून साकारलेली रचना एकाची आणि रंगकाम दुसऱ्याचे. यातला पहिला उस्ताद होता व दुसरा त्याच्या हाताखालचा, ही गोष्ट प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने कळीची आहे.

कारण आज आपण नेमके उलटे मानतो. रेखाटन ही पूर्वतयारी, रंगचित्र ही सिद्धी. 'कच्चे रेखाटन' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका बसला आहे की 'पक्के रेखाटन' अशी काही वस्तू असू शकते, ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. रंगशाळेतील श्रेणी कधी आणि कशी उलटली, हा कलेतिहासाचा प्रश्न आहे. पण तो तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासमोर मांडण्याचे कारण वेगळे आहे. रेखाटनाला जे दुय्यमत्व चित्रविचारात मिळाले, तेच दुय्यमत्व साहित्यविचारात रूपकाला मिळाले. येथे 'रूपक' ही संज्ञा अलंकारशास्त्रातील अभेदारोपापुरती घ्यावयाची नसून 'रूपककथा' या सामासिक शब्दात ती ज्या विस्ताराने येते, त्या अर्थाने घ्यावयाची आहे: एक कथा वा आकृती सांगत असताना तिच्यामागे दुसरा अर्थ सलगपणे चालत राहणे, ज्याला युरोपीय परंपरेत ॲलेगरी म्हणतात. गटेने प्रतीक आणि रूपक यांत भेद करून प्रतीकाला वरचे आसन दिले. कोलरिजने 1816 मध्ये तोच भेद इंग्रजीत रुजवला. प्रतीकात अर्थ जिवंत असतो, रूपकात तो बाहेरून चिकटवलेला असतो, असा हा आक्षेप. वाल्टर बेन्यामिनने 1928 मध्ये जर्मन शोकनाट्यावरील ग्रंथात रूपकाची बाजू नव्याने मांडेपर्यंत हा निकाल जवळजवळ निर्विवाद होता. मराठीतही वि. स. खांडेकरांच्या रूपककथांना वाचक भरपूर लाभले, पण नवसमीक्षेने त्यांची बोळवण बोधकथांच्या कप्प्यात केली.

तेव्हा 'रूपकात्म रेखाटन' हा प्रकार दुहेरी दुय्यमत्वाखाली दबलेला आहे. रेखाटन म्हणून अपुरे आणि रूपक म्हणून अकलात्मक. या दोन्ही आक्षेपांची एकत्र तपासणी करण्यासाठी दिल्ली व आग्रा या परिसरातील कागदावरील रेखाटनांची परंपरा मला सर्वांत सोयीची वाटते, आणि तिचे धागे मराठी प्रदेशापर्यंत पोहोचतात हेही एक कारण आहे.

एका संभाव्य आक्षेपाचे निरसन आधी करावयास हवे. मोगल रेखाटने कुंचल्याची आहेत, पेन्सिलीची नव्हेत. मग पेन्सिल-रेखाटनाच्या चर्चेत त्यांना स्थान कसे? याचे उत्तर शब्दांच्या इतिहासात आहे. 'पेन्सिल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ लहान शेपूट, आणि त्यावरून बारीक कुंचला. अठराव्या शतकापर्यंत इंग्रजीत चित्रकाराची पेन्सिल म्हणजे कुंचलाच असे. इकडे फारसीत 'कलम' हा एकच शब्द बोरूलाही चालतो आणि चित्रकाराच्या कुंचल्यालाही. दोन्ही भाषांत लेखन आणि रेखन यांचे हत्यार कधीकाळी एकाच नावाने ओळखले जात होते. आपण मराठीत त्या कलमाचे कायद्याचे कलम केले, आंब्याचे कलम केले, आणि चित्रकाराचे कलम तेवढे विसरलो. काळ्या शाईने, क्वचित फिकट रंगाचा वा सोन्याचा हलका स्पर्श देऊन केलेल्या चित्रांना मोगल परिभाषेत 'नीम-कलम' म्हणत. नीम म्हणजे अर्धे. 'नीम हकीम' मधला हा नीम आपल्या ओळखीचा आहे, परंतु नीम-कलम चित्रे नीम हकिमासारखी अर्धवट नव्हती. ती रंगविण्याआधी सोडून दिलेली चित्रे नव्हेत. तो स्वतंत्र प्रकार होता आणि त्यावर उस्ताद आपली स्वाक्षरी करीत.

1580 साली जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्री येथे आले तेव्हा त्यांनी अकबराला अँटवर्प येथे छापलेल्या बहुभाषी बायबलचे खंड भेट दिले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने क्रिस्तोफ प्लांटिन याच्या छापखान्यात 1568 ते 1572 या काळात सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या आरंभी कोरीव रूपकचित्रे होती. त्यांतील एकात राजाची धर्मनिष्ठा स्त्रीरूपाने दाखविली आहे. बसावनने या स्त्री-आकृतीवरून नीम-कलमात चित्र केले, ते आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. या घटनेकडे आजवर 'युरोपीय प्रभाव' या मथळ्याखाली पाहिले गेले आहे. माझ्या मते या मथळ्याने घटनेतील खरी गंमत हरवते. बसावनच्या हाती जे आले ते किल्ली नसलेले रूपक होते. स्पेनचा राजा, त्याचा धर्मसंग्राम, लॅटिन पट्टीवरचा मजकूर, यांपैकी कशाचाही संदर्भ त्याच्या प्रेक्षकवर्गाला नव्हता. उरली ती एक उंच स्त्री, तिच्या वस्त्राच्या चुण्या आणि तिच्या अंगावरील असा एक भाव, की तिला काहीतरी सांगायचे आहे. कोरीव ठशातील आडव्याउभ्या समांतर रेषांचे जाळे बसावनने उतरवले नाही. त्याने त्या जागी कुंचल्याची जाड-बारीक होत जाणारी रेषा घातली आणि छाया मऊ केल्या. म्हणजे त्याने भाषांतर केले. साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. मूळ संहितेचा संकेतार्थ गळून पडला, पण 'येथे अर्थ आहे' ही खूण तशीच राहिली. रूपकाचा गाभा अर्थात असतो की अर्थाच्या या खुणेत, हा प्रश्न बेन्यामिनच्या सव्वातीनशे वर्षे आधी आग्र्याच्या परिसरात कागदावर मांडला गेला होता असे म्हटले, तर ते अतिशयोक्त खरे, पण निराधार नाही.

याच प्रक्रियेचे दुसरे आणि अधिक हृद्य उदाहरण अबुल हसनचे. आका रिझाच्या या मुलाने वयाच्या तेराव्या वर्षी, इसवी सन 1600 च्या सुमारास, ड्यूररच्या 1511 मधील कोरीव चित्रावरून संत योहानाची आकृती रेखाटली. ती आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. ड्यूररच्या चित्रात मध्यभागी क्रूस आहे, त्यावर येशू आहे, भोवती शोक करणारी माणसे आहेत, आणि योहान त्यांतला एक आहे. मुलाने बाकी सर्व वगळले. हात आवळून वर पाहणारा एकटा माणूस उरला. तो कशाकडे पाहतो ते चित्रात नाही. जो विशिष्ट कथेतील विशिष्ट शोक होता, तो या वगळण्यामुळे शोकाचेच रूप झाला. रूपक येथे काही जोडून सिद्ध झालेले नाही, काढून टाकल्यामुळे सिद्ध झाले आहे. रेखाटनाला रूपकाची विशेष सोय का आहे याचे एक उत्तर मला येथे दिसते. रंगचित्राला पार्श्वभूमी भरावी लागते, आकाश कोणत्या तरी रंगाचे करावे लागते. रेखाटनात कोरा कागद कोराच ठेवता येतो आणि त्या कोरेपणात आकृती आपल्या प्रसंगातून सुटते.

आता कृश घोड्याचे उदाहरण घेऊ. हाडे दिसणारा, मान टाकलेला घोडा आणि त्याच्यासोबत तितकाच हाडकुळा माणूस, हा विषय इराणपासून विजापूरपर्यंत अनेकांनी हाताळला. बसावनचे या विषयावरील रेखाटन कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. विजापूरचे, सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. सूफी परिभाषेत 'नफ्स' म्हणजे देहबद्ध अहं, आणि तो जनावरासारखा असतो. त्याला उपाशी ठेवले म्हणजे तो शमतो. त्यामुळे कृश घोडा हा अहंच्या दमनाचे रूपक ठरतो. कठोपनिषदातील रथाचे रूपक मराठी वाचकाला सहज आठवेल: शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. दोहोंतील साम्य उघड आहे, परंतु भेद अधिक बोलका आहे. उपनिषदातील घोडा धष्टपुष्ट असला तरी हरकत नाही, तो आवरला पाहिजे एवढेच. फारसी परंपरेतील घोडा मात्र खंगला पाहिजे. एका रूपकाची कल्पना नियमनाची, दुसऱ्याची झिजवण्याची. आणि झिजणे हे रेषेचे खास क्षेत्र आहे. बरगड्या म्हणजे रेषाच. मांस गेल्यावर जे उरते ते रंगाने दाखवण्यासारखे फारसे नसते. येथे विषय, अर्थ आणि माध्यम हे तिन्ही एका ठिकाणी आले आहेत. हे चित्र रंगात केले असते तर ते दुसरेच काही झाले असते, म्हणून याला रंगचित्राची पूर्वतयारी म्हणता येत नाही. अर्थात प्रत्येक रोडावलेला घोडा म्हणजे नफ्स, असे धरून चालणे घाईचे होईल. चित्रकाराला हाडे रेखाटण्याची हौस असू शकते, आणि ती हौसही दखलपात्र आहे. काही चित्रांत भुकेलेला, हिंस्र जनावरांशी सलगी करणारा तो माणूस मजनू असतो, आणि तेथे कृशता प्रेमाची असते.

इनायत खानाचे रेखाटन येथे टाळता येत नाही. जहांगीरच्या दरबारातील हा अधिकारी अफू आणि मद्य यांच्या आहारी जाऊन 1618 मध्ये मरणासन्न झाला. त्याची अवस्था पाहून आश्चर्यचकित झालेल्या बादशहाने चित्रकारांना त्याचे चित्र काढण्यास फर्मावले, याचा उल्लेख खुद्द जहांगीरच्या आत्मवृत्तात आहे. रेखाटन बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि रंगचित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. ज्यांनी दोन्हींच्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या असतील त्यांना रेखाटनच अधिक भेदक वाटेल, असे माझे मत आहे. रंगचित्रात उशा आहेत, गालिचा आहे, भिंतीतले कोनाडे आहेत. रेखाटनात माणूस आपल्याच छातीच्या पिंजऱ्याकडे टेकलेला आहे. हे व्यक्तिचित्र आहे, रूपक नव्हे. परंतु चित्र काढविणारा बादशहा स्वतः अफू आणि मद्याचा आजन्म बंदा होता, आणि त्याने ते लपविलेले नाही. त्याच्यासमोर हे चित्र आले असेल तेव्हा ते केवळ दुसऱ्या माणसाचे चित्र राहिले असेल का?

याच्या अगदी विरुद्ध टोकाला त्याच दरबारातील रंगीत रूपकचित्रे आहेत, आणि त्यांतील एक आपल्या प्रांताशी थेट संबंधित आहे. अबुल हसननेच, तो आता नामवंत उस्ताद झाला होता, सुमारे 1616 मध्ये जहांगीरचे एक चित्र केले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. बादशहा धनुष्य ताणून भाल्यावर खोचलेल्या एका शिरावर बाण सोडतो आहे, आणि ते शिर मलिक अंबरचे. घुबड आहे, शस्त्रे आहेत, आणि अर्थ चुकू नये म्हणून फारसी ओळीही आहेत. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. वस्तुस्थिती अशी की निजामशाहीचा हा हबशी वजीर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला, आणि 1626 मध्ये तो म्हातारपणाने मरण पावला. पुढच्याच वर्षी जहांगीरही गेला. जे रणात जमले नाही ते कागदावर साधण्याचा हा प्रयत्न होता. चित्र म्हणून त्यातील कसब अलौकिक आहे. रूपक म्हणून मात्र ते केविलवाणे आहे, कारण त्यात पाहणाऱ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलेले नाही. प्रत्येक वस्तूला तिचा अर्थ बांधून दिला आहे, आणि सर्व अर्थांची बेरीज एकच, बादशहाची इच्छा. गटे आणि कोलरिज यांचा रूपकावरील आक्षेप या चित्राला तंतोतंत लागू पडतो. याच मलिक अंबरचे दरबारी चित्रकार हाशिमने सुमारे 1620 मध्ये केलेले उभे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. साधी पार्श्वभूमी, पांढरा झिरझिरीत जामा, एका बाजूस वळलेला जड आणि सावध चेहरा. शत्रूच्या दरबारात शत्रूचे एवढे आदराने केलेले चित्र पाहिल्यावर रंगीत रूपकचित्रातील शिर अधिकच खोटे वाटू लागते.

दरबारी साहित्याकडे येथे क्षणभर वळले पाहिजे. कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' या अकराव्या शतकातील रूपकनाट्यात विवेक, महामोह, श्रद्धा ही पात्रे रंगमंचावर येतात. या नाटकाचे फारसी रूपांतर सतराव्या शतकात दारा शुकोहच्या परिवारातील बनवालीदासाने 'गुलजार-इ-हाल' या नावाने केले. म्हणजे एकीकडे युरोपातून कोरीव रूपकचित्रे येत होती आणि दुसरीकडे संस्कृतातून रूपकनाट्य फारसीत जात होते. दोन्ही प्रवाह एकाच शहरांत, एकाच वर्गाच्या वाचक-प्रेक्षकांपुढे होते. दख्खनेत त्याआधीच एकनाथांच्या भारुडांनी विंचू, जोशी, भूत यांना परमार्थ बोलायला लावले होते. रूपक म्हणजे परक्या अभिरुचीची आयात, हा समज म्हणूनच टिकणारा नाही.

मग श्रेणी उलटली कधी? अठराव्या शतकाच्या अखेरीस पेन्सिलीचा अर्थच बदलला. इंग्लंडमधील बॉरोडेलचे ग्राफाइट सोळाव्या शतकापासून वापरात होते. निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाने 1795 मध्ये ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती भाजून कमी-अधिक कठीण कांड्या बनविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. त्यात शिसे नावालाही नसते, पण मराठीत ती 'शिसपेन्सिल' झाली ती कायमची. हिंदुस्थानात हे साधन आले ते सर्वेक्षक, लष्करी अधिकारी आणि प्रवासी चित्रकार यांच्या दप्तरातून. पुण्याच्या दरबारातील रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात 1790 च्या दशकात गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर कलावंताने वेरूळची लेणी रेखाटली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही त्याने काढला. त्याची कामे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. रेखाटनाचे काम आता नोंद घेण्याचे झाले. 1857 मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश उतरविणे हा शिक्षणाचा पाया ठरला. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी हीच रीत शाळाशाळांतून नेली. आमच्या पिढीतील ज्या कोणी त्या परीक्षा दिल्या त्यांना टोकदार पेन्सिल, खोडरबर आणि टेबलावरचा तांब्या यांची आठवण जन्मभर पुरेल. शाईची रेषा उमटली की उमटली. पेन्सिलीची रेषा खोडता येते, आणि जे खोडता येते ते अंतिम नसते, असे आपण नकळत शिकलो. रेखाटनाचे कच्चेपण हे माझ्या मते या खोडरबरातून आले आहे. तौलनिक दृष्टीने पाहता याच काळात युरोपात तरी चित्र वेगळे नव्हते, पण तेथे व्हझारीने सोळाव्या शतकातच रेखनाला चित्र, शिल्प आणि वास्तू या तिन्ही कलांचे जनकत्व दिले होते, त्यामुळे रेखाटनाच्या बाजूने बोलायला एक ग्रंथपरंपरा उपलब्ध होती. आपल्याकडे तर्ह आणि अमल यांची श्रेणी चित्रांच्या तळाशी लिहिलेली होती, पण शास्त्ररूपाने कोणी मांडली नव्हती. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त बसावनची मुक्तकंठाने स्तुती केली खरी, परंतु चित्र आणि अक्षर यांच्या तुलनेत त्याने झुकते माप अक्षराला दिले. पूर्वजांचा अनुभव अक्षरातून पोहोचतो, असे त्याचे म्हणणे.

विसाव्या शतकातील मराठी सौंदर्यविचार या प्रश्नाच्या अगदी जवळ येऊन बाजूने निघून गेला. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते आणि 1956 मध्ये त्यांचे निधन दिल्लीतच झाले. 'आर्ट्स अँड मॅन' (1937) पासून 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) पर्यंत त्यांनी जो सिद्धान्त घडविला, त्यात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींना सौंदर्याचे नियम मानले होते. चित्राचे मोल त्यातील विषयावर अवलंबून नाही, हे त्या सिद्धान्ताचे उपफल. रेखाटनाच्या स्वायत्ततेला याहून भक्कम आधार मराठीत दुसरा मिळणार नाही. रेषेची स्वतःची लय असेल तर तिला रंगाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. मात्र या आधाराची किंमत मोठी आहे. रूपक त्यात बसत नाही. बसावनच्या घोड्यातील रेषांची समतोल लय मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगता येईल, पण तो घोडा उपाशी का आहे हा प्रश्न सौंदर्यबाह्य ठरेल. आणि तो प्रश्न काढला की रेषा तशी का वळली याचे कारणही हरवते. मर्ढेकरांनी रेखाटनाची सुटका केली ती रूपकाला ओलीस ठेवून, असे मला वाटते. द. ग. गोडसे यांनी 'पोत' (1963) मध्ये कलाकृतीचा पोत आणि काळाचा पोत यांचे नाते शोधले, तेव्हा या कोंडीतून एक वाट निघत होती. ते स्वतः चित्रकार असल्यामुळे असेल, पण अर्थ आणि आकार यांची फाळणी त्यांना मानवली नाही.

मर्ढेकरांच्या अखेरच्या वर्षांतील दिल्ली फाळणीच्या निर्वासितांनी भरलेली होती. 1949 मध्ये भबेश सान्याल, धनराज भगत, कंवल कृष्ण आदींनी दिल्ली शिल्पी चक्र स्थापन केले. त्यात बेळगावकडचे, जे. जे. मध्ये शिकलेले के. एस. कुलकर्णी हेही होते. 1954 मध्ये साहित्य अकादमी, ललित कला अकादमी आणि जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय या तिन्ही संस्था उभ्या राहिल्या. दोन्ही अकादम्या पुढे रवींद्र भवन या एकाच वास्तूत राहिल्या, तरी एकीची परिभाषा दुसरीच्या दालनात क्वचितच ऐकू आली, हे येथे सहज नोंदवून ठेवतो.

साहित्य आणि रेखाटन यांच्या भेटीचे दिल्लीतील एक ठळक उदाहरण विवान सुंदरम यांचे (1943–2023). 1972 मध्ये त्यांनी पाब्लो नेरूदाच्या माच्चु पिच्चुवरील दीर्घकवितेवरून शाईच्या रेखाटनांची मालिका केली. आणीबाणीच्या काळावर रेखाटने केली, आणि आउशवित्झला भेट दिल्यानंतर 1988 च्या सुमारास कोळशाची 'लाँग नाइट' ही मालिका. नेरूदाच्या मालिकेला कवितेची सजावट म्हणता येत नाही. कवितेतील दगड, पायऱ्या आणि मेलेले मजूर येथे ओळींच्या क्रमाने येत नाहीत. रेषा दगडासारखी थरांवर थर रचत जाते, आणि कवितेतील आवाहन त्या रचण्यातून जाणवते. याच्याशी खलील जिब्रानची तुलना उद्बोधक ठरेल. जिब्रान स्वतः रूपकात्म रेखाटने करीत असे. त्याच्या रेखाटनांचा स्वतंत्र संग्रह 1919 मध्ये न्यूयॉर्कला निघाला, आणि 'द प्रॉफेट' (1923) मध्येही त्याचीच चित्रे होती. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या आणि जिब्रान मराठी घराघरांत पोहोचला, पण तो पोहोचला शब्दांपुरता. त्याच्या धूसर, एकमेकांत विरघळणाऱ्या देहाकृतींची चर्चा आपल्या जिब्रान-समीक्षेत जवळपास नाही. त्या चित्रांचा दर्जा फार उंचीचा आहे असे मी म्हणणार नाही. बऱ्याचदा ती गोड होतात. परंतु रूपककथेचा लेखक आपले रूपक रेषेतही शोधत होता, हे भाषांतरात गळाले, आणि गळाल्याचे कोणाला जाणवले नाही.

वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांच्या दिल्लीतील रेखाटनांचा विचार शेवटी राखून ठेवला, कारण ते या निबंधाच्या प्रतिपादनाला सोयीचे नाहीत. नागपुरात जन्मलेले, गोमंतकीय वंशाचे, जे. जे. मध्ये घडलेले गायतोंडे 1972 मध्ये दिल्लीत आले आणि निजामुद्दीन पूर्वेतील एका बरसातीत राहू लागले. 1984 मधील अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना काही वर्षे शक्य झाले नाही, आणि त्या काळात त्यांनी कागदावर शाईची रेखाटने केली. ती लिपीसारखी दिसतात. एखाद्या अपरिचित भाषेतील अक्षरे ओळीने मांडावीत तशा आकृती, पण वाचायला जावे तर अक्षर एकही नाही. गायतोंडे यांना चित्रात कथा, रूपक किंवा संदेश असणे मान्य नव्हते, हे सर्वज्ञात आहे. म्हणून त्यांना रूपकाच्या परंपरेत ओढणे अन्यायाचे होईल. तरीही बसावनच्या चित्राशी त्यांचे नाते मला टाळता येत नाही. तेथे किल्ली हरवलेले रूपक होते, आणि येथे किल्ली कधी नव्हतीच. दोन्हीकडे रेषा वाचकाला वाचनाच्या उंबरठ्यावर उभे करते. अबुल फजलला चित्रापेक्षा अक्षर श्रेष्ठ वाटले ते त्यातून पूर्वजांचा अनुभव पोहोचतो म्हणून. गायतोंडे यांनी अक्षराचा डौल घेतला आणि पोहोचविण्याचे ओझे उतरवून ठेवले. त्यांच्या राहत्या वस्तीला लागूनच अब्दुर्रहीम खानखानाची कबर आहे. हा रहीम हिंदी दोह्यांसाठी आपल्याला माहीत आहे, पण तो चित्रशाळेचा आश्रयदाता होता, त्याने रामायणाची सचित्र फारसी प्रत करविली होती आणि दख्खनेत मलिक अंबरशी त्याने वर्षानुवर्षे झुंज घेतली होती.

एक व्यावहारिक गोष्ट उरते. कागदावरील रेखाटन प्रकाशाने खराब होते, म्हणून संग्रहालये ते सुमारे 50 लक्स इतक्या मंद उजेडात काही महिनेच मांडतात आणि मग दीर्घकाळ पेटीत ठेवतात. रंगचित्रे भिंतीवर राहतात, रेखाटने खणात. परिणामी अभ्यासकही रेखाटने पाहतो ती बहुधा छापील पुस्तकात, लहान आकारात, रंगचित्राच्या शेजारी, आणि खाली ओळ असते 'पूर्वाभ्यास'. बॉस्टनच्या त्या कागदावर इनायत खान अजून टेकून बसलेला आहे, आणि त्याच्याखालीही बऱ्याच ग्रंथांत हाच शब्द छापलेला आढळतो.